गाडी लागते? मग घाटाआधीची गोळी नीट समजून घ्या

चाळीसगाव सोडून कन्नडकडे निघालं की अर्ध्या तासाच्या आत घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांतले पुष्कळ जण गोळी घेतात ती गाडीत बसल्यावर, पहिला घोट पाणी पिताना. गोळी पोटात विरघळून रक्तात उतरेपर्यंत गाडी वळणांवर पोचलेली असते. मग मळमळ सुरू होते, 'या गोळीनं काही फरक पडत नाही' म्हणून माणूस दुसरी गिळतो, उलटी व्हायची ती होतेच, आणि दोन गोळ्यांची गुंगी संध्याकाळपर्यंत उतरत नाही.

मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो. लग्नसराईत, चैत्रात वणीच्या गडाची यात्रा असते तेव्हा आणि शाळांच्या सहली निघतात तेव्हा ही गोळी सगळ्यात जास्त जाते. स्वस्त आहे, कामाची आहे, म्हणून लोक ती पेपरमिंटसारखी मागतात. ज्यांना ही गोळी पहिल्यांदाच घ्यायची आहे, किंवा घरातल्या कोणाला द्यायची आहे, त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहितो आहे. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं तरी यातून कळेल.

आधी, गाडी लागते म्हणजे काय

कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारा भाग असतो. गाडी वळली, उसळली, थांबली की तो मेंदूला कळवतो. त्याच वेळी डोळे मोबाईलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतील तर ते 'सगळं स्थिर आहे' असं कळवतात. दोन्ही खबरा जुळत नाहीत आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त होतो. बायकांना पुरुषांपेक्षा अधिक होतो, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनाही लवकर होतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र क्वचितच होतो, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसत असतं.

कोणती गोळी, आणि कोणती नव्हे

'माले गाडी लागस भाऊ, उलटीनी गोळी दे' असं कोणी म्हणालं की दुकानदारानं पुढं दोन प्रश्न विचारायला हवेत. गर्दीत तो विचारत नाही. उलटीची गोळी म्हणून सर्रास ऑन्डॅन्सेट्रॉन दिली जाते. ती पोटाच्या इन्फेक्शनच्या उलटीला किंवा कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलटीला चांगली आहे, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. डॉमपेरिडॉनचंही तसंच. म्हणून मागताना स्पष्ट सांगा: प्रवासात गाडी लागू नये म्हणून हवी आहे, आणि अमक्या वयाच्या माणसासाठी हवी आहे.

गाडी लागण्यावर चालतात ती जुन्या पिढीतली अँटिहिस्टामिन औषधं, म्हणजे मुळात ॲलर्जीसाठी आलेली. हे कळलं तेही योगायोगानं. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्ताच्या गांधी उठणाऱ्या एका बाईंना डायमेनहायड्रिनेट दिलं. त्यांना ट्रामचा प्रवास कधीच सोसत नसे, आणि औषध सुरू झाल्यावर तो सोसू लागला. त्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांच्या जहाजावर ते औषध तपासून पाहिलं आणि तिथंही गुण आला.

आपल्याकडं नेहमी दिसणारी नावं अशी: प्रोमेथाझिन (अवोमीन नावानं बहुतेकांना माहीत असतं), डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन आणि सिनारिझिन. सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेट एकत्र असलेली गोळीही मिळते. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, औषधाचं नाव त्याच्याजवळ बारीक अक्षरात. तुम्हाला वाचायचं आहे ते बारीक अक्षर. स्ट्रिप कापून दोन गोळ्या घेताना बहुतेक वेळा नाव आणि एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. म्हणून कापण्याआधी अख्ख्या स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढं डॉक्टरांकडं जायची वेळ आलीच तर तो फोटो फार उपयोगी पडतो.

घरात सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन पडलेली असते आणि 'तीही अँटिहिस्टामिनच ना' म्हणून लोक ती घेतात. तिनं गाडी लागायची थांबत नाही. नव्या पिढीची ही औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत, म्हणून झोप कमी आणतात, आणि म्हणूनच इथं निकामी ठरतात. जुनी औषधं मेंदूत शिरतात, तिथल्या हिस्टामिन आणि ॲसिटाइलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचं काम अडवतात. मळमळ थांबते ती त्यामुळं, गुंगी येते ती त्यामुळं, तोंड कोरडं पडतं आणि लघवी अडते तीही त्यामुळंच. गुण हवा तर यातलं थोडंफार सोबत येणार, हे धरूनच चालायचं.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घ्यायचीच नाही

हा भाग घाईत वाचू नका.

काचबिंदू असेल, विशेषतः डोळ्याचा कोन अरुंद असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर या गोळीनं डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडकू शकते. साठीपुढचे आप्पा, नाना आपल्याला असा काही त्रास आहे हे घरात सांगत नाहीत, काउंटरवर तर अजिबात नाही. 'रात्री किती वेळा उठावं लागतं?' असं मी विचारतो, तेव्हा कुठं कळतं. गाडी दोन-तीन तास थांबणार नसेल आणि त्यात लघवी अडली, तर हाल काय होतात ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत.

दमा किंवा जुना श्वासाचा विकार, फिट्स, लिव्हरचा आजार, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास यांतलं काही असेल तरी आधी डॉक्टर. कंपवात म्हणजे पार्किन्सन असेल तर सिनारिझिननं तो वाढतो. चक्कर येते म्हणून काही जण हीच सिनारिझिन महिनोन्‌महिने रोज घेतात. म्हाताऱ्या माणसांत त्यानं हाताला कंप आणि हालचालीत मंदपणा येऊ शकतो. प्रवासापुरती गोळी वेगळी आणि रोजची गोळी वेगळी. रोजची चालू असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवाच.

वय साठ-पासष्टच्या पुढं असेल तर या औषधांनी गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं, पडणं हे तरुणांपेक्षा जास्त होतं. आजींना गडावर न्यायचं म्हणून सकाळी गोळी दिली आणि पायऱ्यांवर त्यांचा पाय लटपटला, तर गाडीतली उलटी परवडली असं वाटेल. नांदुरीपासून गडापर्यंतचा घाट लहान आहे. पुढची सीट, उघडी खिडकी आणि डोळे बाहेर एवढ्यावर तो निभत असेल तर वयस्कर माणसाला गोळी न देणं हेच माझं मत.

गरोदर बाईंनी स्वतःच्या मनानं काही घेऊ नये. इथं एक खास गोष्ट आहे. गरोदरपणातल्या मळमळीसाठी डॉक्टर अनेकदा डॉक्सिलामिन असलेली गोळी देतात. डॉक्सिलामिन हेही जुन्या पिढीतलं अँटिहिस्टामिनच आहे. ती चालू असताना वरून प्रवासाची गोळी घेतली तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. माहेरी जायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरीणबाईंना फोन करा. बाळाला दूध पाजणाऱ्या आईनंही विचारूनच घ्यावी.

आता आधीपासून चालू असलेली औषधं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, तेही अँटिहिस्टामिन. खोकल्याच्या पुष्कळ सिरपांत असतं. झोपेची गोळी, अल्प्राझोलामसारखी चिंतेची गोळी, शुगरवाल्यांना पायाच्या आगीसाठी दिलेली प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी: या सगळ्यांची गुंगी प्रवासाच्या गोळीत मिसळते आणि वाढते. तुमची रोजची औषधं पिशवीत घालून मेडिकलवर आणा आणि काउंटरवर ठेवा. नावं आठवून सांगण्यापेक्षा हे बरं.

आणि दारू. वऱ्हाडाच्या गाडीत बसताना बिअर असो, देशी असो की मोहाची, गोळी घेतली असेल तर ती नाही. घ्यायचीच असेल तर गोळी नाही. दोन्ही मिळून माणूस इतका गाढ झोपू शकतो की उलटी झाली तरी जागा होत नाही, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जातो.

प्रवासाच्या आधी एकदा घरी घेऊन बघा

नव्यानं सुरू करणाऱ्यांना माझा हा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. ज्या दिवशी कुठं जायचं नाही, गाडी चालवायची नाही, शेतात यंत्राचं काम नाही, अशा दिवशी एक गोळी घेऊन बघा. किती वेळानं झोप येते, किती तास राहते, तोंड किती सुकतं, लघवीला त्रास होतो का, डोळ्यांपुढं धूसर दिसतं का, हे पाहा. एकाच गोळीनं एखादा दिवसभर आडवा होतो, एखाद्याला नुसती जांभई येते. ते घरच्या खाटेवर कळलेलं बरं. फार गुंगी आली तर डॉक्टरांना सांगून दुसरं औषध किंवा कमी डोस ठरवता येतो. प्रोमेथाझिननं झोप बहुधा सगळ्यांत जास्त येते, मेक्लिझिननं त्यामानानं कमी.

वेळ

सगळं गणित इथं आहे. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथंच पडून राहते आणि उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून गोळी आधी.

डायमेनहायड्रिनेट निघण्याआधी अर्धा ते एक तास. तिचा असर चार ते सहा तास. मेक्लिझिन एक तास आधी. तिचा असर लांब टिकतो, म्हणून चोवीस तासांत एकदाच घ्यायची. सिनारिझिन साधारण दोन तास आधी. प्रोमेथाझिन थिओक्लेटची २५ मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसानं छोट्या प्रवासासाठी एक ते दोन तास आधी घ्यायची. प्रवास लांबचा असेल, पहाटे धुळ्याहून मुंबईला निघायचं असेल, तर ती आदल्या रात्री झोपताना घेणं सोयीचं. झोपही होते आणि सकाळी असर चालू असतो.

वेळ मोजायची ती गाडीत बसण्याच्या क्षणापासून मागं. शहाद्याहून तोरणमाळला जाताना म्हसावद, राणीपूरपर्यंत रस्ता सोपा आहे, घाट त्यानंतर लागतो, म्हणून लोक राणीपूर आल्यावर पाकीट काढतात. तेव्हा उशीर झालेला असतो. घरातून निघण्याआधीच घ्या. तळोद्याहून चांदसैली घाटानं धडगावला जाणाऱ्यांनीही हेच करायचं.

उपाशीपोटी निघू नका आणि तुडुंब खाऊनही नको. शेवभाजीची तर्री आणि तळलेलं प्रवासाच्या आधी नको, ते परतल्यावर. थोडा मऊ भात किंवा अर्धी भाकरी पुरते. गोळी साध्या पाण्याबरोबर.

गोळी घेऊनही मळमळलं तर लगेच दुसरी घेऊ नका. पाकिटावर जेवढं अंतर लिहिलं असेल ते पाळा. एक औषध लागू पडलं नाही म्हणून त्याच प्रवासात दुसऱ्या नावाचं अँटिहिस्टामिन वर चढवू नका.

उतरल्यावरचं काय?

परतीचा विचार लोक करत नाहीत. सकाळी मोटारसायकल स्टँडवर लावून एसटी पकडतात, येताना पुन्हा गोळी घेतात, आणि रात्री आठला उतरून त्याच मोटारसायकलवर पंधरा-वीस किलोमीटर गावाकडं निघतात. अंधार, समोरून उसाची ट्रॉली, आणि डोळ्यांवर गोळीची झापड. आपल्याला झोप आलेली नाही असं वाटत असतानाही हात आणि नजर मंदावलेली असते. येताना गोळी घेणार असाल तर स्टँडवर घ्यायला कोणाला तरी बोलवा, किंवा जातानाच गाडी घरी ठेवा. प्रोमेथाझिनची गुंगी दुसऱ्या सकाळपर्यंतही राहू शकते.

तीच गोष्ट शेतीची. रात्रपाळीच्या लाईटला केळीला पाणी भरायला जायचं, स्टार्टरला हात लावायचा, विहिरीच्या काठावर उभं राहायचं, आणि संध्याकाळीच गोळी घेतलेली. त्या रात्री दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, फवारणी, सगळ्याला हेच लागू.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ही औषधं घाम कमी करतात. घाम कमी म्हणजे अंग थंड होण्याची वाट बंद. चैत्रात गडावर पायी जाऊन येताना वाहनानं परतणारे लोक आधीच उन्हात दिवसेंदिवस चाललेले, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. त्यांनी परतीच्या गाडीत बसण्याआधी सावलीत बसावं, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबूपाणी घ्यावं, लघवी नीट होते आहे का ते पाहावं, आणि मग गोळीचं ठरवावं. अंग तापलेलं, कातडी कोरडी आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे असं दिसलं तर ते गाडी लागणं नव्हे. तो उष्माघात असू शकतो. त्याला गोळी न देता अंग ओल्या कपड्यानं थंड करा आणि लगेच दवाखाना गाठा.

लहान मुलं

मुलांना मोठ्यांच्या गोळीचा तुकडा अंदाजानं देऊ नका. डोस वयावर आणि वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कधीही द्यायचं नाही, श्वास मंदावून बाळ दगावू शकतं. प्रोमेथाझिनच्या प्रवासाच्या गोळ्या सहसा पाच वर्षांच्या पुढंच देतात. मेक्लिझिन बारा वर्षांच्या आत नको. सिरप द्यायचं तर सोबतच्या मापानंच, घरातल्या चमच्यानं नाही.

काही मुलं या औषधानं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, रडतात, ऐकत नाहीत. तसं झालं तर पुढच्या वेळी ते औषध नको. आणि 'गाडीत शांत झोपेल' म्हणून गाडी न लागणाऱ्या मुलाला गोळी देणं हे मला अजिबात मान्य नाही. सहलीला पाठवताना गुरुजींना किंवा बाईंना चिठ्ठी द्या: कोणती गोळी, किती वाजता दिली. नाहीतर सर दुसरी देतात, मैत्रिणीची आई तिसरी.

गोळीशिवाय जे होतं तेवढं आधी करा

पुढच्या सीटवर बसा. मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकं सगळ्यात जास्त उसळतात. नजर लांब रस्त्यावर, मोबाईल खिशात. वळणावर डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवा. खिडकी उघडी, धुराचा आणि अत्तराचा वास दूर. आल्याच्या वडीनं काहींना बरं वाटतं, घेऊन बघायला हरकत नाही. भुसावळहून सुरतेला जायचं असेल तर रेल्वे धरा. कोंडाईबारी घाट टळतो, आणि रेल्वेत गाडी कमी लागते.

डॉक्टरांकडं कधी

गाडीतून उतरून बराच वेळ झाला तरी उलट्या थांबत नसतील, सोबत जोराची डोकेदुखी, ताप, ऐकू कमी येणं, बोबडं बोलणं, एक हात-पाय लुळा पडणं असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर उलटी होत असेल, तर प्रवासाची गोळी देऊन वेळ घालवू नका.

कोणी, विशेषतः मुलानं, जास्त गोळ्या गिळल्या असतील तर सुरुवातीला फक्त झोपाळू दिसेल. नंतर बडबड, भास, छाती धडधडणं, फिट, बेशुद्धी असं काहीही होऊ शकतं. उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, झोपला आहे तर झोपू दे असं म्हणू नका. १०८ ला फोन करा, माणसाला कुशीवर वळवून ठेवा, आणि दवाखान्यात जाताना उरलेली स्ट्रिप किंवा रिकामं पाकीट सोबत न्या.